पिल्लांचं पाणी रोज बदला, पण थोडं थोडं

माशांची पिल्लं उपासमारीनं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात, हे मी कुणालाही ठामपणे सांगतो. तरी आपल्याकडं सांगली-मिरजेत ज्याच्या घरी टँक आहे तो नवीन माणसाला पहिलं हेच सांगतो, पाण्याला जास्त हात लावू नको, मासे मरतात. मोठ्या माशांचं एकवेळ चालून जातंय, पिल्लांचं नाही.

पिल्लाचं पोट एवढंसं, त्यामुळं दिवसातनं तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायला लागतं, मग आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत किडे) घाला नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक, उरलेलं खाली बसतं आणि कुजतं, त्यात पिल्लांची स्वतःची घाण, झाला अमोनिया तयार, पिल्लांना विषच ते. (बलक तर पाणी सगळ्यात लवकर नासवतो, आर्टेमिया जमत असेल तर तोच घाला.) फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट करतात मग कमी बाधणारं नायट्रेट, पण नव्या टँकमध्ये ते बसायला चार-सहा आठवडे जातात आणि तेवढा वेळ पिल्लांकडं नसतो. म्हणून जुन्या टँकमध्ये चालू असलेला स्पंज फिल्टर तसाच उचलून पिल्लांकडं लावायचा, आणि पाणी रोज बदलायचं.

"पण बदललं की मरतात" हे लोक म्हणतात ते खोटं नाही, फक्त कारण वेगळं आहे. पाणी बरेच दिवस तसंच राहिलं की त्याचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा कमी तेवढं पाणी आम्ल) हळूहळू खाली येतो, आणि कमी पीएचला अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा बाधत नाही. मग रविवार बघून आपण निम्मं पाणी काढतो आणि बोअरचं जड, जास्त पीएचचं पाणी भरतो. पीएच सातवरनं आठवर गेला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. पिल्लं संध्याकाळपर्यंत तळाला. इथं दोष पाणी बदलण्याचा नाही, इतके दिवस न बदलण्याचा आहे.

रोज दहा ते वीस टक्के काढलं तर असा झटका बसतच नाही. पिल्लं मोठी होत जातील तसं तीस, पुढं पन्नास टक्क्यांपर्यंतही न्या, वाढीत फरक डोळ्यांना दिसतो.

नळाचं पाणी थेट घालू नका. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की नळाला क्लोरीनचा वास जास्तच जाणवतो. एक पिंप भरून चोवीस तास उघडं ठेवा, आत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, घाई असेल तर अँटी क्लोरीनचे थेंब. आणि हात घालून बघा, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, डिसेंबरात सकाळी गारठलेलं असतं, दोन्ही पिल्लांना नको.

काढायला एअर पंपाची बारीक नळी पुरे, मोठा पाईप पिल्लं ओढून घेतो. पाणी पांढऱ्या बादलीत काढा म्हणजे चुकून आलेलं पिल्लू लगेच दिसतं, चमच्यानं परत सोडता येतं. नवीन पाणी घालताना त्याच नळीला सैल गाठ मारा आणि थेंब थेंब पडू द्या.

एंजल माशाची पिल्लं अजून पानाला चिकटून असतील तर तळाला हात लावू नका, पोहून खायला लागली की सुरू करा. फायटर माशाच्या पिल्लांना सुरुवातीला पाणी चार-पाच इंचच ठेवा आणि काढण्यापेक्षा रोज थोडं वाढवत न्या, वर काच झाकलेली असू दे, वरची हवा उबदार लागते त्यांना.

आणि लाईट बराच वेळ गेली तर पंप बंद, स्पंजमधले बॅक्टेरियाही गुदमरतात. त्या दिवशी खाणं कमी करा, पिंपातलं मुरलेलं पाणी थोडं थोडं बदलत राहा. म्हणून ते पिंप कधी रिकामं ठेवायचं नाही.