जुने नेटबुक आणि नव्याचा विचार

माझ्या दहा इंची आसुस ईई पीसी या नेटबुकमधला (छोट्या लॅपटॉपमधला) अॅटम एन२७० प्रोसेसर ३२-बिट असल्यामुळे आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमने अशा यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर बंद केल्यामुळे, त्यावर मी डेबियन १२ च ठेवले आहे. रॅम १ जीबीवरून २ जीबी केल्यापासून लेखन आणि पीडीएफ वाचन सुरळीत चालते. पडदा मात्र १०२४ बाय ६०० पिक्सेलचाच असल्याने काही खिडक्यांची खालची बटणे दिसत नाहीत आणि ऑल्ट दाबून अख्खी खिडकी वर ओढावी लागते.

पर्याय म्हणून वापरलेला थिंकपॅड एक्स२३० मनात आहे. साडेबारा इंची पडदा, ६४-बिट प्रोसेसर आणि मुख्य म्हणजे बदलता येणारी रॅम! अनेक नव्या सडपातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, हे मला मुळीच पटत नाही.