लाकडाची ऊब : आमची वाटचाल

आमच्या पहिल्या सुगंधाच्या बाटलीवर 'पुरुषांसाठी' असे छापलेले होते. चंदन, सीडर (देवदाराच्या कुळातले सुवासिक लाकूड) आणि वाळा या तिघांभोवती बांधलेला तो सुगंध होता. लाकडाचा वास पुरुषांचा आणि फुलांचा स्त्रियांचा, ही बाजारातली समजूत आम्ही दोघा बहीण-भावांनी जराही तपासून न पाहता उचलली होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीस विक्रीची वही चाळताना बहिणीच्या लक्षात आले की, पुन्हा पुन्हा मागणी नोंदवणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. त्या भेट देण्यासाठी नेत असतील, असे आम्ही धरून चाललो. मग त्यांच्यापैकी एक बाई तिसऱ्या बाटलीसाठी आल्या, तेव्हा बहिणीने सहज विचारले, "साहेबांना आवडलेला दिसतोय?" त्या म्हणाल्या, "ह्यांनी अजून झाकणही उघडलेलं नाही. मी माझ्यासाठीच नेते. तेवढा लेबलवरचा शब्द काढता आला तर बघा."

पुढच्या छपाईत तो शब्द निघाला. आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात मी तिथूनच धरतो.

शब्द काढल्यानंतर आम्ही जे वाचले, त्याने धीर आला. गेर्लां या फ्रेंच घराण्याने १८८९ मध्ये आणलेला 'जिकी' पुरुषांनीही लावला आणि स्त्रियांनीही. १९९२ मध्ये शिसेइडो या जपानी कंपनीने सर्ज लुटेन्स या फ्रेंच कलावंताच्या कल्पनेतून 'फेमिनिते द्यु ब्वा' काढला. नावाचा अर्थच 'लाकडाचे स्त्रीत्व', आणि त्यात सीडरचे लाकूड थेट मध्यभागी बसवून ते स्त्रियांपुढे ठेवले होते. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, कॅल्विन क्लाइनचा 'सीके वन' उघडपणे दोघांसाठी म्हणून बाजारात आला. त्याचे महत्त्व मी मानतो. पण दोघांना चालावे म्हणून त्याने निवडलेली वाट हलक्या, लिंबूवर्गीय, नुकत्याच न्हालेल्या अंगासारख्या वासाची होती. आम्हाला वाटत होते की दोघांना सामावून घेण्यासाठी वास पातळ करण्याची गरज नाही. तो दाट, उबदार आणि अंगाजवळ राहणारा असला, तरी त्याला स्त्री-पुरुष असे नाव द्यावे लागत नाही.

हे म्हणणे सोपे होते, बनवणे नव्हते. लाकडाचा वास मुळात उबदार असतो, हा आमचा दुसरा गैरसमज. सीडर कोरडे असते. सुगंधाच्या व्यापारात व्हर्जिनिया सीडर म्हणून जे तेल मिळते, ते वनस्पतिशास्त्राप्रमाणे सीडरचे नसून जुनिपरच्या एका जातीचे असते आणि त्याच झाडाच्या लाकडापासून पूर्वी शिसपेन्सिली बनत. त्यामुळे आमचा पहिला नमुना हुंगून एका मैत्रिणीने "पेन्सिलला टोक काढल्यावर येतो तसला वास आहे" असे म्हटले, तेव्हा ती अगदी बरोबर बोलत होती. वाळ्याचे तेल मुळांचे. त्यात ओली माती असते, किंचित धूर असतो आणि प्रमाण चुकले तर तो तळघरासारखा दमट वाटू लागतो. चंदन तेवढे सायीसारखे मऊ, पण एकटे ठेवले तर ते फार शांत, जवळजवळ मुके.

ऊब आली ती लाकडाबाहेरून. भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपाच्या पानांवर पाझरणारी लॅब्डॅनमची चिकट राळ, बेंझॉइनची गोडसर राळ आणि टोंका या बियांचा अर्क या तिघांनी ती आणली. टोंकामध्ये कुमारिन हे सुगंधी द्रव्य असते आणि कापून वाळत घातलेल्या गवताचा जो वास आपल्याला सुखावतो, तोही त्याचाच. दहा ग्रॅमच्या नमुन्यात टोंकाच्या विरळ केलेल्या अर्काचे दोन थेंब घातले तर लाकूड उन्हात ठेवल्यासारखे वाटे. पाच थेंबांत तेच लाकूड गोड होऊन नाहीसे होई. बहीण काट्यासमोर बसून थेंब मोजत असे, गंधपट्टी, म्हणजे वास पाहण्याची कागदी पट्टी, बुडवून तिच्यावर क्रमांक आणि वेळ लिहीत असे आणि दोरीवर चिमट्याने टांगत असे. त्या महिन्यांत आमच्या कामाच्या खोलीत अशा पट्ट्यांच्या रांगाच लागल्या होत्या. मी बाटल्या भरणे, पत्रव्यवहार आणि हिशेब पाहत होतो, पण निर्णय घेताना ती नेहमी माझेही नाक मागे.

एक नियम आम्ही तेव्हाच केला आणि अजून पाळतो : पहिल्या अर्ध्या तासात कोणत्याही नमुन्याबद्दल मत द्यायचे नाही. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीतील सुगंधी रेणू बहुतांशी दहा कार्बन अणूंचे, हलके असतात आणि लवकर उडून जातात. चंदन, सीडर, वाळा यांतील मुख्य रेणू पंधरा कार्बन अणूंचे. ते सावकाश सुटतात, कागदाच्या पट्टीवर कित्येक दिवस राहतात आणि त्वचेच्या उष्णतेने हळूहळू वर येतात. उबदार लाकडी सुगंधाचे आकर्षण याच संथपणात आहे, असे माझे ठाम मत आहे. तो लावल्याबरोबर लक्ष वेधत नाही. सकाळी लावलेला असतो आणि संध्याकाळी बाही वर सरकवताना मनगटाशी पुन्हा भेटतो. तोपर्यंत तो बाटलीतला वास राहिलेला नसतो, त्या माणसाचा झालेला असतो. आमच्याकडे येणारी जोडपी एकच बाटली दोघांत वापरतात आणि तरीही दोघांच्या अंगावर तो वेगळा येतो, असे सांगतात. आम्हालाही तोच अनुभव आहे.

या प्रवासात एक विचित्र धडा मिळाला. एका ग्राहकाने बाटली परत पाठवून कळवले की, तिला वासच नाही. आम्ही ती उघडून पाहिली, वास व्यवस्थित होता. त्या खेपेत बहिणीने 'आयसो ई सुपर' या कृत्रिम द्रव्याचे प्रमाण बरेच वाढवले होते. हे द्रव्य सीडरसारखे, मखमली, फार पारदर्शक आहे. २००६ मध्ये आलेला 'मॉलिक्यूल ०१' हा सुगंध तर केवळ त्या एका द्रव्यावर उभा आहे. पण काही नाकांना ते जवळजवळ येतच नाही, तर काहींना येते, हरवते आणि पुन्हा येते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार असतात आणि त्यांचा संच प्रत्येकाचा थोडा निराळा असतो. या ग्राहींवरील कामासाठीच रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या ग्राहकाचे पैसे आम्ही लगेच परत केले आणि ठरवले की, संपूर्ण सुगंधाचा भार कोणत्याही एका द्रव्यावर टाकायचा नाही. आता चंदनाचा परिणाम आम्ही तीन वेगवेगळ्या द्रव्यांतून साधतो, म्हणजे एखाद्याच्या नाकाला त्यातले एक लागले नाही तरी दुसरे लागते.

चंदनानेच आम्हाला सर्वांत मोठा फटकाही दिला. चौथ्या वर्षी एका पुरवठादाराकडून आलेले तेल रंगाने, दाटपणाने आणि पहिल्या हुंगण्यात अगदी बरोबर वाटले. आम्ही संपूर्ण खेप बनवली. तिसऱ्या आठवड्यात बहीण पट्टी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, हे मागून रिकामं लागतंय." तेलातील घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी आम्ही तेल घेताना करायला हवी होती; ती केली खेप बिघडल्यावर. खऱ्या चंदनाच्या तेलासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात चंदनाचे मुख्य सुगंधी घटक, म्हणजे अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के अपेक्षित आहे, आणि आमचे तेल त्याच्या जवळपासही नव्हते. ती खेप आम्ही विकली नाही. तीन महिने दुसरे काही विकायला नव्हते, आणि त्या तीन महिन्यांची आठवण आजही सोपी नाही.

त्यानंतर चाचणीचा अहवाल हाती आल्याशिवाय आम्ही तेलाचा डबा उघडत नाही. त्याहून मोठा बदल म्हणजे नैसर्गिक चंदनाचे प्रमाण आम्ही स्वतःहून कमी केले. हे झाड शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेत फार सावकाश वाढते, त्याच्या गाभ्यात तेल भरायला वर्षानुवर्षे लागतात, आणि तेलासाठी केवळ खोडच नव्हे, तर मुळेही काढावी लागतात. भरमसाट तोडीमुळे ही जात आज असुरक्षित गणली जाते. नैसर्गिक तेल म्हणजे शुद्ध आणि कृत्रिम द्रव्य म्हणजे फसवणूक, असे मानणाऱ्या ग्राहकांना आम्ही हे सविस्तर सांगतो. 'जावानॉल'सारखे कृत्रिम द्रव्य अगदी अल्प मात्रेत चंदनाला लांबी देते आणि आमच्या सुगंधात ते आहे, हे आम्ही लपवत नाही.

मिश्रण अल्कोहोलमध्ये उतरवल्यावर आम्ही ते सहा आठवडे अंधारात मुरू देतो. सुरुवातीला अल्कोहोलची धार पुढे असते, लाकूड आणि राळ एकमेकांपासून फटकून राहतात. मग ती धार बोथट होते. शेवटी द्रव थंड करून घ्यायचा, म्हणजे राळेतील मेणचट भाग खाली बसतो, आणि मगच गाळायचे. मोठ्या मागणीच्या वेळी हे आठवडे कमी करण्याचा मोह होतो. एकदा मी तसे सुचवलेही होते आणि बहिणीने मला चौथ्या व सहाव्या आठवड्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी हुंगायला लावल्या. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

सध्याची खेप पाचव्या आठवड्यात आहे. काल रात्री बहिणीने पट्टी बुडवून टांगली, आज सकाळी ती हुंगली आणि वहीत लिहिले : 'वाळा अजून पुढे येतोय. लॅब्डॅनमच्या मागे जाऊ दे. गाळू नये.'