रायझन ५६०० की आय५ १२४००: लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याचा अनुभव

मी डोंबिवलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. शूटिंग दुसऱ्यांचं, कापाकापी माझी. २०२३ च्या दिवाळीपर्यंत सगळं काम एका जुन्या आय५-४४६० प्रोसेसरवर चालायचं, चार कोअर, चार थ्रेड, २०१४ चा माल, रडत-रखडत का होईना पण चालायचं. घोळ झाला तो आमच्या फोटोग्राफरने सोनीचा ए७ फोर कॅमेरा घेतला तेव्हा. पहिल्याच साखरपुड्याचं कार्ड त्याने आणून दिलं, मी टाइमलाइनवर टाकलं, स्पेसबार दाबला आणि नवरी अंगठीसाठी हात पुढे करते तिथेच थिजली. आवाज पुढे गेला, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी मारली, ही आपली हात पुढे करून तशीच.

प्रॉक्सी (क्लिपांच्या हलक्या नकला) बनवून काम भागवलं, म्हणजे रात्री झोपताना लावायचं आणि सकाळी उठून बघायचं की मध्येच लटकलंय. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, तेव्हा हे परवडणारं नव्हतं. मशीन बदलायचं ठरलं. जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड होतं ते ठेवायचं, कॅबिनेट ठेवायचं, बाकी प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम नवीन, कारण जुनी रॅम डीडीआर३, ती आता कुठेच बसत नाही.

कॉम्प्युटरचं काही निघालं की आमच्याकडे भाच्याला विचारायचं असा नियम आहे. तो इंजिनिअरिंगला आहे, गेम खेळतो आणि एएमडीचा, म्हणजे रायझन बनवणाऱ्या कंपनीचा, कट्टर कार्यकर्ता आहे. म्हणाला, ‘मामा, डोळे झाकून रायझन ५ ५६०० घे.’ मी म्हटलं डोळे झाकून मी भाजीपण घेत नाही. मग बसलो दोघं. या बजेटमध्ये समोरासमोर दोनच होते, रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५-१२४००एफ. दोन्ही २०२२ चे, दोन्ही सहा कोअर बारा थ्रेड, दोन्हीचा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ४.४ गिगाहर्ट्झ, दोन्हीबरोबर डब्यात कूलर फुकट, म्हणजे कागदावर अगदी जुळी भावंडं. कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत, रायझन पुढे, एल३ त्याची ३२ एमबी आणि १२४०० ची १८. सिंगल कोअरमध्ये आय५ थोडा पुढे. वॅटचं म्हणाल तर दोन्हीवर ६५ लिहिलेलं असतं पण ते मनावर घ्यायचं नाही, फुल लोडला रायझन ७६ पर्यंत जातो आणि आय५ ला इंटेल स्वतःच ११७ ची टर्बो मर्यादा देतं.

यूट्यूबवर तीन-चार रात्री घालवल्या आणि हाती काय, तर या गेममध्ये हा चार फ्रेम पुढे, त्या गेममध्ये तो. शिवाय हे सगळे टेस्ट भारीतलं भारी कार्ड लावून १०८० पी वर करतात, ते मुद्दामच, म्हणजे कार्ड आड येत नाही आणि प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो. चूक काही नाही त्यात, पण माझ्या १६५० वर तो फरक दिसणारच नव्हता आणि मला गेम खेळायचाही नव्हता. मला ती अंगठी बोटात गेलेली बघायची होती.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की आपण उलटीकडून सुरुवात केलीय. कुठला प्रोसेसर फास्ट हे नंतर, आधी माझी फाइल नक्की अडते कुठे? फोटोग्राफर शूट करतो ४के, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १०-बिट, ४:२:२. यातला शेवटचा आकडा सगळा खेळ करतो. साध्या ४:२:० व्हिडिओत चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच साठवतात, ४:२:२ मध्ये दोनदा. हळदीचा पिवळा, शालूची जर, लाल-हिरवी लायटिंग, हे कलर करताना फाटत नाही ते त्यामुळे. पण ही फाइल उलगडायला, म्हणजे डिकोड करायला, हार्डवेअरमध्ये वेगळी सोय लागते आणि माझ्या कार्डात ती नव्हती. गंमत म्हणजे तेच कार्ड ४:४:४ उलगडतं, ४:२:० उलगडतं, मधलंच तेवढं सोडलेलं. एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय दिली ती २०२५ मध्ये आरटीएक्स ५० सिरीजला. म्हणजे तेव्हा सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर. आणि इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून डेस्कटॉप प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचं जे आहे ना, ते हेच ४:२:२ उलगडून देतं.

आता ‘एफ’ची भानगड. १२४००एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला १२४००. स्वस्त मिळतो म्हणून सगळे तोच सुचवतात, वेगळं कार्ड आहे तर आतल्या ग्राफिक्सचं करायचंय काय? निन्याण्णव लोकांना हे बरोबरच आहे, मी शंभरावा निघालो. ज्याच्यासाठी इंटेल घ्यायचा तीच वस्तू एफमध्ये नाही. आणि रायझन ५६०० मध्येही आत ग्राफिक्स नाही. भाचा म्हणाला मग ५६००जी घे, त्यात आहे, पण त्यातलं वेगा ग्राफिक्स ४:२:२ ला हात लावत नाही, वर कॅशे अर्धी, १६ एमबी.

तरी माझा विश्वास बसेना म्हणून साखरपुड्याच्या तीन कॅमेऱ्यांच्या क्लिपा एसएसडीवर टाकल्या आणि ठाण्याला मित्राकडे गेलो, त्याच्याकडे ५६०० आहे. एक कॅमेरा बऱ्यापैकी चालला, माझ्या जुन्या मशीनपुढे तर स्वर्गच. तिन्ही एकत्र मल्टिकॅममध्ये लावले आणि टास्क मॅनेजरमध्ये बारा खिडक्या छतापर्यंत भरल्या, पंखा बोंबलायला लागला, चित्र तुकड्या-तुकड्याने. मग कल्याणला एका अल्बमवाल्याकडे गेलो, त्याचा साधा आय५-१२४००, एफ नसलेला. त्याच क्लिपा, तेच तीन कॅमेरे. प्रोसेसर निवांत, आणि खाली इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सच्या (जीपीयूच्या) खिडकीत ‘व्हिडिओ डिकोड’ची रेघ वर चढलेली. मी कीबोर्डवरचं एल (L) दोनदा दाबलं, डबल स्पीड, तरी पळतंय. अल्बमवाला म्हणाला चहा घ्या, मी म्हटलं थांबा जरा.

एक सांगतो, दोन्ही मशीनवर तोच छोटा तुकडा एक्सपोर्टही केला होता, तिथे फरक होता पण एवढा नव्हता. माझा वेळ जातो तो एक्सपोर्टमध्ये नाही, पुढे-मागे करून कट शोधण्यात जातो. हे प्रत्येकाचं वेगळं असणार.

लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोडला उतरून दोन दुकानांत कोटेशन घेतलं, साध्या १२४०० ला एफपेक्षा दोनेक हजार जास्त. एच६१० वाल्या स्वस्त बोर्डावर भागलं असतं, पण त्याच्यावर रॅमचे स्लॉट दोनच आणि एनव्हीएमई एसएसडी जेन ३ च्या, म्हणजे जुन्या वेगाच्या, पुढे जात नाही, म्हणून बी६६० घेतलं, डीडीआर४ वालं. बोर्ड धरून हिशोब केला तर रायझन मला चार-साडेचार हजारांनी स्वस्त पडत होता, हे कबूल. ज्या दुकानात शेवटी घेतलं तिथे पैसे देऊन झाले आणि डबा हातात आला तर कोपऱ्यात एफ. म्हटलं शेठ, हे काय? ‘सेमच आहे साहेब, फक्त डिस्प्ले नाय, तुमच्याकडे कार्ड आहे ना?’ बिलावर १२४०० लिहिलेलं, किंमत १२४०० ची. बिल पुढे केलं तेव्हा आतून दुसरा डबा आला. काउंटरवरच डबा वाचा रे बाबांनो, गाडीत नाही.

घरी येऊन भाच्याने जोडलं, विंडोज टाकलं, प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, साखरपुडा उघडला, आणि नवरी परत थिजली. पोटात गोळाच आला. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग भाच्याने टास्क मॅनेजर उघडलं, तिथे जीपीयू एकच, १६५०. वेगळं कार्ड लावलं की बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप झोपवून ठेवतं! बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाचा ऑप्शन चालू केला, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियात हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलवर टिक केली, रीस्टार्ट. बोर्डाप्रमाणे नाव थोडं वेगळं असेल, पण कुणी एवढ्यासाठी इंटेल घेतला असेल आणि फरक दिसत नसेल तर आधी हे बघा.

स्पेसबार दाबला. अंगठी गेली बोटात.

तो सीझन मी एकही प्रॉक्सी न बनवता काढला. भाच्याने मार्चमध्ये स्वतःचं मशीन बनवलं, रायझन ५६०० च घेतला, आणि त्याच्यापुरतं तेच बरोबर होतं, वाचलेले पैसे त्याने कार्डात घातले, आणि त्याच्या एएम४ बोर्डावर उद्या ५७००एक्स३डी हा वरचा प्रोसेसर बसवता येतो हे तो येईल-जाईल त्याला ऐकवतो. रॅमचे पैसे मी दिले, बायोसची मजुरी म्हणून. परवा आला तेव्हा माझ्या मशीनवर एक गेम टाकून बघत होता, पाच मिनिटांत काढून टाकला, म्हणे ‘मामा, याच्यावर तू लग्नंच लाव.’