लॅपटॉप झालाय

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या परळच्या लॅबमध्ये जेवणानंतरच्या साखरवाल्यांची गर्दी असते. परवा त्या गर्दीतून एक काकू काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "ह्यांच्या प्लेटा वाढल्या का हो?" मी म्हटलं, "वाढल्या की, दीड लाखाच्या वर गेल्यात प्लेटा." पेशंटचे उच्चार दुरुस्त करणारी माणसं मला डोक्यात जातात. एकदा टोकलं की माणूस पुढचं दुखणं सांगायचंच सोडून देतो.

लालबागच्या चाळीत आमची मावशी शेजारच्याच खोलीत राहायची. पालिकेच्या इस्पितळात स्टाफ नर्स. रात्री ड्युटीवरून आली की आम्ही पोरं अंथरुणात उठून बसायचो, "आज काय?" मग पदर खोचून नकला सुरू. हार्नियाचा हरण्या, न्यूमोनियाचा लिमोनिया, अँजिओग्राफीची अंजूग्राफी. एक आजोबा म्हणे 'एमआरएफ कुठं काढतात' विचारत तिन्ही मजले हिंडले. आजी सगळ्यांत मोठ्यानं हसायची. स्वतः जन्मभर 'विंजेक्शन' म्हणत गेली, ते सोडा.

'फास्टिंग'चा घोळ तर आमच्याकडे रोजचा. एका बाईंना बजावून सांगितलं, उद्या सकाळी उपाशी या. त्या आल्या, "उपासच आहे हो माझा." काही खाल्लंत? "छे, नुसती साबुदाण्याची खिचडी. आणि एक केळं."

2005 च्या पावसात मात्र हसू घशातच अडकायचं. 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला. छातीभर पाण्यातून चालत घर गाठलेली माणसं पुढं तापानं फणफणली. उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी, पायाला कुठंतरी खरचटलेलं, तेवढं पुरतं. लेप्टोस्पायरोसिसचं पेपरवाल्यांनी 'लेप्टो' केलं आणि आमच्या काउंटरपर्यंत येता येता त्याचा लॅपटॉप झाला. "भावाला लॅपटॉप झालाय, रिपोर्ट लवकर द्या." भाऊ आयसीयूत.

कॅन्सर तेवढा कुणी चुकीचा म्हणत नाही. म्हणतच नाही. बायोप्सीचा कागद पिशवीत घालताना "काकांना टाटाला दाखवायचंय" एवढंच. 1941 पासून ते हॉस्पिटल इथं परळात आहे. बाळंतपणाला तिथं कुणी जात नाही, तेव्हा पुढचं विचारायचं काही उरत नाही.