साभार परत

दुपारी जरा आडवं व्हायचं सोडून मी आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या मेलिंग लिस्टची, म्हणजे एकाने लिहिलेलं ईमेल सगळ्यांना पोचवणाऱ्या यादीची, माझ्या मंजुरीसाठी अडकलेली पत्रं निपटत बसले होते. प्रत्येक पत्रापुढे तेच चार पर्याय: डिफर, अप्रूव्ह, रिजेक्ट, डिस्कार्ड. शेवटच्या दोघांत फरक काय, हे दोन वर्षं मी कुणाला विचारलं नाही. पत्र पुढे जात नाही ना, मग झालं! माऊस जिथे असेल तिथे दाबायचं.

या सॉफ्टवेअरमधली नावं ठेवतं कोण? दिवसभराची पत्रं एका गठ्ठ्यात पाठवायची सोय म्हणजे 'डायजेस्ट'. मला ते वाचून दर वेळी पोटच आठवतं. अशा याद्या चालवणाऱ्या 1986 सालच्या 'लिस्टसर्व्ह' या प्रोग्रॅमचं नाव असं तोडल्यासारखं का, तर त्या यंत्रावर नावाला आठच अक्षरांची मुभा होती. ते एक वेळ समजू शकते. शिवाय त्यातलाच 'नोमेल' शब्द मला फार आवडतो. सभासद आहे, पण पत्रं नकोत. संपलं.

आमच्या कपाटाच्या एका खणावर वडिलांनी चिठ्ठी डकवली होती, 'किरकोळ'. आत सुतळी, बंद घड्याळ, कुणाच्या तरी चष्म्याची एकच काडी. आई म्हणायची, "त्यापेक्षा 'शोधा' असं लिहा." सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' नावाचं पान दिसलं की मला तो खण दिसतो. कुठे ठेवावं ते न सुचलेलं सगळं तिथे.

तर परवा शेवटी मदतीचं पान वाचलं. रिजेक्ट केलं की लिहिणाऱ्याला तसं कळवलं जातं, कारण लिहायला चौकटही असते. डिस्कार्ड केलं की कुणालाच काही कळत नाही. म्हणजे एक 'साभार परत' आणि दुसरी केराची टोपली! आपल्या संपादकांनी हे शब्द केव्हाच घडवून ठेवलेत, नुसते उचलून बटणावर लिहायचे.

हे वाचताना मागे अनोळखी पत्त्यावरून आलेलं एक पत्र आठवलं. आमच्यातल्याच कुणीतरी नवा पत्ता घेतला असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. तेच पत्र आठवड्याने पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा विषयाच्या जागी फक्त 'पोचलं का?' एवढंच होतं.

तेही मी डिस्कार्डच केलं होतं.