साक्षीचा दिवस आणि खोलीचे भाडे

बाल कल्याण समिती पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, प्रकरणात मुलासोबत एक सहाय्यक व्यक्ती नेमते. कोर्टात सगळे तिला सपोर्ट पर्सनच म्हणतात. ठाणे जिल्ह्यात मी हे काम करते. इथे सांगते आहे त्या प्रकरणातील वय, वस्ती आणि नात्याचे काही तपशील मी बदलले आहेत, कारण कायद्याचे कलम २३ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. ते कलम नसते तरी मी ते बदललेच असते.

मुलगी नऊ वर्षांची, कळव्याच्या एका चाळीत राहणारी, आणि आरोपी तिचा सख्खा चुलता. तिने पहिल्यांदा तोंड उघडले ते वर्गशिक्षिकेपुढे. ‘आधी पालकांना बोलावून बघू’ हा मुख्याध्यापकांचा सल्ला त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतला आणि त्याच दुपारी पोलिसांना कळवले. कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे साध्या वेशातील महिला उपनिरीक्षकांनी मुलीच्या मामाकडे जाऊन जबाब घेतला. इथवर सगळे कायद्यात लिहिल्याप्रमाणे झाले.

न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावी, असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आमची तारीख लागली तेव्हा मुलगी पुढच्या इयत्तेत गेली होती. त्या सकाळी कोर्टनाक्यावर रिक्षातून उतरलो तर चहाच्या टपरीपाशी तिची आजी उभी. मुलीकडे न पाहता ती सुनेला म्हणाली, “अगं, घरातलं घरात मिटवू. पोरीचं उद्या लग्न व्हायचंय, अब्रूचा तरी विचार कर.” हा गुन्हा तडजोडीने मिटणारा नाही, हे मी समजावू लागले, तेवढ्यात तिने आवाज खाली आणला. “खोली त्याच्या नावावर आहे, हे विसरू नकोस.”

एवढ्या वर्षांत अब्रूवरची बरीच भाषणे मी ऐकली आहेत. बहुतेकांच्या शेवटी खोली, टेम्पोचा हप्ता नाहीतर गावची जमीन निघते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे होते. ओळखीचा माणूस म्हणजे पुष्कळदा ज्याच्या छपराखाली राहतो किंवा ज्याच्या पगारावर घर चालते तोच, ही गोष्ट अशा आकडेवारीतून सहसा दिसत नाही.

साक्ष बंद दालनात झाली. मुलीला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा होता. आई तिच्याजवळ बसली होती आणि मी मागच्या खुर्चीवर. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथ न देताही साक्ष घेता येते, म्हणून न्यायाधीशांनी आधी शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल विचारले आणि मग म्हणाल्या, “खोटं बोललं की काय होतं गं?” मुलीने थोडा विचार केला. “खोटं बोललं की बाई ओरडतात. खरं बोललं की आजी ओरडते.” लघुलेखकाची बोटे क्षणभर थांबली. न्यायाधीशांनी ते उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवायला सांगितले.

पोक्सोमध्ये वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला समजेल अशा भाषेत विचारायचे. बचाव पक्षाच्या वकिलांचा रोख ठरलेला होता: हे सगळे आईने पढवले आहे, जागेच्या भांडणातून. प्रश्न सोपा होऊन मुलीपर्यंत आला, “हे आईने तुला सांगायला सांगितलं का?” ती म्हणाली, “नाही. आईला मी नंतर सांगितलं. आधी आमच्या बाईंना सांगितलं, कारण बाई आमच्या घरी राहत नाहीत.” ही ओळ तिला कोणी पढवू शकले असते, असे मला वाटत नाही. मधे एकदा तिने पाणी मागितले, एकदा बाथरूमला जायचे म्हणाली, आणि दोन्ही वेळा कामकाज थांबले. जेवणाच्या सुट्टीपूर्वी उलटतपासणी संपली.

बाहेर आल्यावर आई रडेल, असे मला वाटले होते. तिने विचारले, “मॅडम, आजच खोली खाली करायला सांगितली तर?” नवरा साक्षीला आला नव्हता आणि फोनही उचलत नव्हता. आम्ही तिथूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो, कारण खटला चालू असतानाही विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते आणि अशा पीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजनाही याच प्राधिकरणामार्फत चालते. अर्जाला बँक पासबुकाची प्रत लागत होती आणि पासबुक त्याच खोलीतल्या कपाटात होते. भावाला सोबत घेऊन तिने ते संध्याकाळी आणले, सोबत मुलीचे दप्तर आणि गणवेशही. नव्या खोलीची अनामत अजून भावाच्या उधारीवर आहे. निकालाची तारीख लागलेली नाही.