तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे करमतं का?

दर वेळी मुंबईत आले की जिना चढून आमच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर गॅलरीत तीन-चार जणी तरी विचारतात, "करमतं का गं तुला तिकडे?" या वेळी समोरच्या काकूंनी तर हात हातात घेऊन विचारलं. मी "हो काकू, करमतं" म्हटलं आणि बॅगा घेऊन आत आले, पण मनात राहिलं ते, कारण एवढ्या मायेने विचारलेल्या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देऊन चालत नाही. म्हणून आज सगळं सांगते.

मी २०१६ पासून टोकियोत आहे, निशी-कासाई नावाच्या भागात. भारतीय लोक तिथे भरपूर. २००० सालच्या आधी कम्प्युटरच्या Y2K, म्हणजे २००० साल लागलं की कम्प्युटर तारखांत गोंधळतील त्या भानगडीसाठी आपली आयटीची मंडळी तिकडे गेली, त्यांची ऑफिसं ओतेमाची, निहोनबाशी अशा भागात होती आणि निशी-कासाईहून तोझाई लाइनची मेट्रो तिथे सरळ जाते, बदलायला लागत नाही, म्हणून सगळे तिथेच घरं बघायला लागले. आपल्याकडे नाही का लोक फास्ट गाडी थांबते म्हणून घर घेतात, अगदी तसंच. वाण्याकडे पोहे मिळतात, तूरडाळ मिळते, कधीकधी नारळसुद्धा मिळतो. त्यामुळे खाण्यापिण्याचे हाल वगैरे काही नाहीत.

तरी पहिलं वर्ष मला करमलं नाही, हे खरं आहे. सकाळची तोझाई लाइन म्हणजे कोविडच्या आधी जपानमधली सगळ्यात गर्दीची, किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात १९९ टक्के, म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या दुप्पट माणसं. मी विरार लोकलमध्ये वाढलेली नसले तरी दादरला चढले-उतरलेय, गर्दीचं मला काही नाही, पण ती गर्दी गप्प असते हो. एवढी माणसं एकमेकांना चिकटून उभी आणि फोनवर कुणी बोलत नाही, कुणी "पुढे चला" म्हणत नाही, लेडीज डब्यातसुद्धा शांतता. आपल्या लेडीज डब्यात चर्चगेट येईस्तोवर भाजी निवडून होते, कुणाच्या मुलीचं ठरलं ते कळतं, भांडणं होतात आणि मिटतात. मला तिथे उभं राहून रडायला यायचं. संध्याकाळी परत येताना गाडी जमिनीखालून वर येते आणि आराकावा नदीचा मोठा पूल लागतो, तेव्हा डोळे मिटले की भाईंदरची खाडी आल्यासारखं वाटायचं, मग डोळे उघडायला नको व्हायचे.

आणि मग डबा हरवला.

आईचा स्टीलचा डबा, दोन पुडांचा, कडीवाला. तिच्या लग्नात मावशीने दिलेला, झाकणावर नाव घातलंय, "मावशीकडून सप्रेम भेट, १२-५-१९८७". मी निघताना आईने आपणहून माझ्या बॅगेत टाकला होता. त्या दिवशी त्यात थालीपीठ होतं, पिशवी गाडीत वर रॅकवर ठेवली आणि ओतेमाचीला तशीच उतरले. ऑफिसात जेवायच्या वेळी लक्षात आलं. मी खुर्चीत बसून राहिले, मला वाटलं आता संपलं, त्या गाड्या तर दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवरही जातात, इकडे मिताकापर्यंत आणि तिकडे चिबात लांबवर, कुठे म्हणून शोधणार.

ऑफिसातली एक मुलगी म्हणाली वासुरेमोनोला फोन कर. वासुरेमोनो म्हणजे विसरलेली वस्तू. तुम्ही तो शब्द जरा मोठ्याने म्हणून बघा, वासुरे, विसरे! दोन भाषांचा काही संबंध नसेल, योगायोगच असेल, पण मला त्या दिवशी तो शब्द कुणीतरी माझ्यासाठी ठेवल्यासारखा वाटला. त्यांच्या भाषेतला मी कधीही न विसरलेला पहिला शब्द तो.

मेट्रोत सापडलेल्या वस्तू आधी स्टेशनांवर गोळा होतात आणि मग इइदाबाशी स्टेशनातल्या एका ऑफिसात जातात. तीन दिवसांनी तिथे गेले. खिडकीपलीकडे वयस्कर गृहस्थ होते, हातात पांढरे हातमोजे. रंग कोणता, आकार केवढा, कुठल्या डब्यात चढलात, सगळं फॉर्मवर लिहून घेतलं. मग विचारलं, काही खूण? मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की नाव आहे, पण आमच्या लिपीत. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, मावशीकडून सप्रेम भेट. ते आत गेले, डबा घेऊन आले आणि कागद झाकणाशेजारी ठेवून एक-एक अक्षरावर बोट ठेवत जुळवायला लागले. म, मग काना, मग व. अक्षर वाचता येत नाही म्हणून चित्र जुळवावं तसं. तारखेपाशी अडले, कारण आपला १ त्यांच्या 9 सारखा दिसतो, मी सांगितलं हा एक आहे, तो नऊ आहे, तेव्हा मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. मागे दोन माणसं उभी होती, त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, आईच्या बहिणीने प्रेमाने दिलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. आतलं थालीपीठ नव्हतं, खायच्या वस्तू ते ठेवत नाहीत, पण डबा होता.

नंतर कळलं की तिकडे कायदाच आहे, सापडलेली वस्तू जमा करायची, तीन महिन्यांत मालक आला नाही तर ती ज्याला सापडली त्याची. पण पांढऱ्या मोज्याचं ते बोट "सप्रेम" वरून सरकत गेलं ते कुठल्या कायद्यात नाही लिहिलेलं. त्या दिवशी परत येताना पुलावर मी डोळे उघडे ठेवले.

त्याच आठवड्यात मी शेजारच्या आजींशी पहिल्यांदा बोलले. कचऱ्यावरून. तिकडे कचऱ्याला वार असतात, जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, सकाळी आठच्या आत ठेवायचं आणि कावळे फाडू नयेत म्हणून वर जाळं घालायचं. मी नारळाची करवंटी हातात धरून उभी होते, कुठल्या दिवसाचा कचरा हा? आजींनी ती घेतली, उलटसुलट बघितली, नखाने टकटक वाजवून बघितली आणि म्हणाल्या, ही कचरा नाही. घेऊनच गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाल्कनीत करवंटीला भोक पाडून तिच्यात एक छोटंसं फर्न लावलेलं. आता माझ्याकडे नारळ फोडला की करवंटी त्यांच्याकडे जाते, सात झाल्यात रांगेत. गुरुवारी मी त्यांना डाळ देते, त्या मला मुळ्याचं लोणचं देतात. भूकंप झाला की हलायचं थांबल्यावर आधी भिंतीवर टकटक करतात, मी उलट टकटक केली की मग त्या झोपायला जातात.

आणि संध्याकाळी पाचला वस्तीतल्या भोंग्यावर लहान मुलांच्या गाण्याची धून लागते. भूकंपाची सूचना देणारे भोंगे चालू आहेत ना ते रोज तपासायला, पण पोरं ती ऐकली की मैदानावरून घरी निघतात. तेव्हा मुंबईत दीड वाजलेला असतो, आईचं जेवण होऊन ओटा आवरलेला असतो. धून संपली की मी फोन लावते, रोज.

तर काकू, करमतं. आता इथे येऊन दहा दिवस झाले, खाली गिरगावची मेट्रो सुरू झालीय (तिलाही जपानचंच कर्ज आहे बरं का), आईच्या हातचं खातेय, आणि तरी दुपारी दीड वाजला की कान त्या धुनेकडे लागतात. आजींनी भिंत वाजवली असेल आणि पलीकडे कुणी नसेल, असंही मनात येतं.

काल आईला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले, तसाच दोन पुडांचा डबा घेतला आजींसाठी. नाव घालणाऱ्याने मशीन हातात घेऊन विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, "शेजारच्या आजींना, गिरगावहून सप्रेम भेट". त्याने लिहायला घेतलं, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "तारीख घाला हो खाली, आणि एक नीट काढा, त्यांना तो नऊ वाटतो."